सकाळी शंभर, संध्याकाळी साठ

मे महिन्यात नागपुरात गच्चीवर जाण्याच्या वेळा दोनच असतात : पहाटे साडेपाचपासून फार तर साडेसातपर्यंत, आणि त्यानंतर थेट रात्री, दिवसभर प्यायलेले ऊन फरशीने बऱ्यापैकी सोडून दिल्यावर. मधल्या काळात लोखंडी शिडीला हात लावता येत नाही आणि फरशीवर पाय ठरत नाही. माझ्या रेडिओ-संचातला एक साधा बिघाड मला महिनाभर सापडला नाही, त्याचे निम्मे कारण या वेळापत्रकात आहे. उरलेले निम्मे माझ्या स्वभावात आहे, त्याकडे यथावकाश येईनच.

कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना त्याच्याही पुष्कळ आधीपासून माझ्याकडे आहे. जनरल श्रेणीच्या परवान्यावर आपल्याकडे ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. माझा जुना जपानी बनावटीचा संच १०० वॅटचा आहे आणि मला त्याहून अधिक कधी लागली नाही. गच्चीवर एका पाइपच्या टोकावरून दोन बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार उतरते, उलट्या व्ही अक्षरासारखी. हा ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे चाळीस मीटरचा अँटेना. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा फायदा या पट्ट्यावर फार मिळतो. दिवसा भोपाळ, रायपूर, हैदराबाद शेजारच्या आळीतून बोलावे तसे ऐकू येतात आणि ऊन कलल्यावर पुणे-मुंबई उघडते. सकाळी साडेसहाला आमचा एक छोटा गट जमतो, आणि संध्याकाळी सव्वासातला पुण्याचे एक ज्येष्ठ हॅम आणि मी ठरल्याप्रमाणे भेटतो. त्यांना मी सर म्हणते, ते मला बाई म्हणतात. गेली कित्येक वर्षे आमचे बोलणे साधारण वीस मिनिटे चालते आणि त्यातली दहा मिनिटे हवामानावर जातात.

संच आणि अँटेना यांच्यामध्ये एक वॉटमीटर कायम जोडलेला असतो. मोर्स की दाबली की त्याची सुई शंभराच्या किंचित अलीकडे जाऊन थांबते, आणि तिने तसे थांबावे ही माझी इतक्या वर्षांची सवय आहे. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी ती साठावर थांबली. मी की सोडली, पुन्हा दाबली. साठ.

नवशिक्या हॅम मंडळींची पॉवर कमी असल्याची तक्रार पुष्कळदा मुळात तक्रारच नसते, हे इथे सांगितले पाहिजे. माइकवर बोलताना साधा वॉटमीटर पंचवीस-तीस वॅट दाखवतो आणि माणूस घाबरतो. सिंगल साइडबँडमध्ये, म्हणजे आम्ही माइकवर बोलतो त्या पद्धतीत, शक्ती आवाजाच्या चढाबरोबर चढते आणि दोन शब्दांमधल्या श्वासाला शून्यावर येते. जड सुईला एवढी धावपळ झेपत नाही, त्यामुळे ती सरासरीच्या आसपास रेंगाळते. शिखरावर मात्र संच पूर्ण शंभर वॅट देत असतो. म्हणून मोजायचे ते अखंड वाहक लहरीवर, म्हणजे की दाबून. तेही शक्य नसेल तर माइकमध्ये एका सुरात शिट्टी वाजवून. मी कीच दाबली होती, त्यामुळे हा दिलासा मला उपलब्ध नव्हता. मीटरवर संशय घेता आला असता. चांगल्या व्यावसायिक मीटरचीही अचूकता पूर्ण मापाच्या पाच टक्के धरतात, म्हणजे शंभराच्या मापावर पाच वॅट इकडे-तिकडे. माझा मीटर तर स्वस्तातला. पण चाळीस वॅटची तफावत मीटरच्या माथी मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर गेले. अँटेनाच्या मध्यभागी जिथे केबल जोडली जाते तिथला पीएल-२५९ कनेक्टर उघडला, तर आत तांब्यावर हिरवट कीट चढलेला. गेल्या पावसाळ्यात टेपच्या आत शिरलेले पाणी बाहेर निघायला वाट नव्हती. कनेक्टर कापून नवा बसवला, मधल्या पिनेला आणि बाहेरच्या जाळीला नीट डाग दिला, वरून चिकट रबरी टेप ताणून गुंडाळली, खाली आले आणि की दाबली. ९८ वॅट. समाधानाने चहा केला. संध्याकाळी सरांना मी कनेक्टरची गोष्ट रंगवून सांगत असताना सुई कुठे होती, हे पाहिलेच नाही. दोन दिवसांनी पाहिली. साठ.

तिसऱ्या दिवशी पहाटे पूर्ण केबल बदलली. जुनी आरजी-५८ होती, बारीक. तीस मीटर लांबीत ती ७ मेगाहर्ट्झवर सुमारे एक डेसिबल, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा खाते, आणि १४४ मेगाहर्ट्झवर तर सुमारे सहा डेसिबल, म्हणजे चारांतले तीन हिस्से. तिच्या जागी जाड आरजी-२१३ टाकली. खाली आल्यावर सुई पुन्हा ९८ वर. आता तरी प्रश्न मिटला, असे मी वहीत लिहूनही ठेवले.

त्या नोंदीकडे आज पाहताना मला माझ्या विद्यार्थ्यांची क्षमा मागावीशी वाटते. वॉटमीटर संचाजवळ, टेबलावर आहे. केबलमधली घट मीटरच्या पलीकडे होते. केबल कितीही शक्ती खावो, मीटरवरची सुई तिच्यामुळे चाळीस वॅटने उतरणार नाही. फार तर केबल बिघडून एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती उलटी परत येते त्याचे माप, वाढला आणि संचाने स्वतःच्या बचावासाठी पॉवर मागे घेतली, तरच ते घडेल. बहुतेक संच एसडब्ल्यूआर दोनच्या वर गेला की असे करतात. माझा एसडब्ल्यूआर मात्र सकाळ-संध्याकाळ १.३ होता. शिवाय घट असलेली केबल एसडब्ल्यूआर बिघडवत नाही, उलट सुधारल्याचे भासवते, कारण अँटेनावरून परत येणारी लाट जाताना एकदा आणि येताना एकदा अशी दोनदा खाल्ली जाते. पाणी शिरलेली पुरेशी लांब केबल घ्या आणि पलीकडे अँटेना लावूच नका. एसडब्ल्यूआर बघून तुम्ही खूश व्हाल. हे सगळे मला पाठ होते. परंतु पहाटे दुरुस्ती करावी आणि पहाटेच सुई शंभराजवळ जावी, एवढा पुरावा समोर असताना पाठ असलेले कोण आठवत बसतो? संच रोज सकाळी आपसूक बरा होत होता, आणि त्याचे श्रेय त्या त्या दिवशी मी जे काही केले असेल त्याला मिळत होते.

सकाळ आणि संध्याकाळ असा भेद आहे, हे तिसऱ्या फेरीनंतर माझ्या लक्षात आले, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या निष्कर्षावर पोहोचले : उष्णता. सकाळी खोली तीस अंशांवर असते, संध्याकाळी अडतीसवर. दिवसाचे तापमान पंचेचाळीसकडे सरकू लागले होते. संचाचा हीटसिंक तापला की आतले संरक्षण पॉवर उतरवते, हेही खरेच आहे. म्हणून मी बैठकीतला मोठा कूलर सरकवून रेडिओच्या खोलीच्या दारात आणला. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास, पंख्याची घरघर आणि त्या वाऱ्यात बसून सीक्यू, म्हणजे कोणी ऐकतंय का अशी हाक, देणारी मी, असे ते दृश्य होते. सुई साठावरून अठ्ठावन्नवर आली. कूलर लावल्यावर पॉवर कमी का व्हावी, हा प्रश्न मी तिथेच, त्या क्षणी विचारला असता तर हा लेख निम्म्याने लहान झाला असता. मी तो मोजमापातल्या फरकात जमा केला.

उष्णतेचा सिद्धान्त एका साध्या चाचणीने निकालात निघाला. संच दिवसभर बंद ठेवला, संध्याकाळी चालू केला आणि पहिल्याच क्षणी की दाबली. हीटसिंक हाताला खोलीइतकाच गरम होता, तापण्याला त्याला अवधीच मिळाला नव्हता, आणि सुई साठावर. ज्याचे कारण उष्णता असते तो बिघाड हळूहळू चढतो. हा पहिल्या सेकंदापासून हजर होता.

मग मला शेवटच्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरची धास्ती वाटू लागली. या धास्तीला इतिहास आहे. मी स्वतःच्या हाताने उभा केलेला पहिला संच बिटएक्स जातीचा होता. हैदराबादच्या अशर फरहान यांनी (हवेतले त्यांचे परवाना-नाव व्हीयू २ ईएसई) हा आराखडा भारतातल्या बाजारात जे सुटे भाग मिळतात त्यांवर बेतला. सुरुवातीच्या आराखड्यात तर कॉइल गुंडाळायला नळाचे प्लास्टिकचे वॉशर चालतात, असे होते, आणि माझ्या घरातल्या एका नळाला त्या वर्षी वॉशर नव्हता. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ ५१० हा मॉस्फेट, ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार. मुळात तो वीजपुरवठा चालू-बंद करण्याच्या कामासाठी बनवलेला, पण स्वस्त आणि सोशिक असल्यामुळे हॅम मंडळींनी त्याला आपलेसे केले. त्यातून सहा-सात वॅट निघायला हवे होते, मला दीड वॅट मिळत होता. मी बायस, म्हणजे मॉस्फेटला कायम दिलेले व्होल्टेज, फिरवला, मॉस्फेट बदलला, पुन्हा बदलला. एकदा तर बायस इतका चढवला की मॉस्फेटचा धूर झाला. शेवटी डायोडचा प्रोब करून एकेका टप्प्यावरचे व्होल्टेज मोजत मागे गेले, तेव्हा मॉस्फेटच्या आधीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी सिग्नल एकदम गळून पडलेला दिसला. तारेवरचे एनॅमल एका टोकाला नीट खरवडलेलेच नव्हते. वरून डाग चकचकीत, आत तार लाखेच्या आवरणातच. ब्लेडने दोन सेंटिमीटर तार खरवडली आणि सहा वॅट आले. बदललेले दोन्ही मॉस्फेट मुळात निर्दोष होते, हे त्या दिवशी कळले. एवढे होऊनही या खेपेला माझा पहिला विचार महागड्या ट्रान्झिस्टरकडेच गेला.

मात्र या वेळी संच उघडण्याआधी मी माळ्यावरचा डमी लोड, चाचणीपुरता अँटेनाच्या जागी जोडायचा, खाली काढला. हे पहिल्याच संध्याकाळी करायला हवे होते. न करण्याचे कारण आळस, आणि थोडा किळस. डमी लोड म्हणजे रंगाचा चार लिटरचा जुना डबा, त्यात ट्रान्सफॉर्मरचे तेल आणि तेलात बुडालेले एक किलोओहमचे वीस रेझिस्टर, सगळे समांतर जोडून बरोबर ५० ओहम. डब्याचे झाकण झिरपते आणि माळ्यापासून टेबलापर्यंत तेलाचे ठिपके पडतात. पण या डब्याइतका प्रामाणिक अँटेना दुसरा नाही : त्याला ऋतू नाही, पक्षी नाहीत, मांजा अडकत नाही. संध्याकाळी साडेसातला डब्यावर की दाबली. साठ वॅट. गच्चीवरचे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले, आणि माझ्या तीन पहाटा वाया गेल्या हेही सिद्ध झाले.

आता पट्टे बदलून पाहिले. ३.५ मेगाहर्ट्झवर साठ, ७ वर साठ, १४ वर अठ्ठावन्न, २१ वरही तेवढेच. ही चाचणी पाच मिनिटांची, पण तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. एकाच पट्ट्यावर पॉवर पडली असती तर त्या पट्ट्याचा लो-पास फिल्टर किंवा तो निवडणाऱ्या रिलेचे काळवंडलेले संपर्क तपासले असते. वरच्या पट्ट्यांकडे जाताना पॉवर पायरीपायरीने उतरत गेली असती तर शेवटचे ट्रान्झिस्टर किंवा त्यांना ढकलणारा ड्रायव्हर थकला आहे, असे म्हणता आले असते. सगळीकडे सारखीच घट असेल तर दोष सगळ्यांच्या मुळाशी असतो : सगळ्या पट्ट्यांना समान असलेल्या नियंत्रणात, नाहीतर संचाला वीज देणाऱ्या पुरवठ्यात. पुरवठा मी मोजला होता. पहिल्याच आठवड्यात मल्टिमीटर लावून पाहिला होता, १३.८ व्होल्ट, दशांशाचाही फरक नाही. म्हणून मी एएलसीच्या, म्हणजे पॉवर आपोआप आवरणाऱ्या, सर्किटचा नकाशा टेबलावर पसरून बसले.

त्याच सुमारास सर एका संध्याकाळी म्हणाले, "बाई, सर्दी झाली आहे का?"

"नाही हो. का?"

"आवाज घोगरा येतोय. म्हणजे सिग्नल नेहमीसारखाच आहे, पण मोठ्याने बोललात की मागे काहीतरी गुणगुणतं. मधमाशी असावी तसं."

मी कूलरला दोष दिला आणि विषय हवामानावर नेला.

पलीकडच्या गल्लीत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी राहतो. नुकताच त्याला परवाना मिळाला आहे, आणि माझ्या खोलीत तो वरचेवर येतो, निम्मा रेडिओसाठी आणि निम्मा कैरीच्या पन्ह्यासाठी. त्याला मी सगळी हकिगत सांगितली, पट्ट्यांचे आकडे दाखवले, मधमाशीही सांगितली. त्याने थोडा विचार केला.

"काकू, सप्लाय तपासला?"

"तेरा पूर्णांक आठ. मी स्वतः मोजलाय."

"की दाबून?"

मी उत्तर दिले नाही. तो टेबलाखाली वाकला, मल्टिमीटरची टोके संचाच्या पाठीमागच्या जोडणीत, तारा जिथे संचात शिरतात तिथे, खुपसून धरली आणि म्हणाला, "दाबा." आकडा १३.८ वरून घसरला, १२ वर थांबला नाही, ११ वर थांबला नाही, १०.७ वर येऊन थरथरत राहिला. संचाच्या तबकडीतला दिवा मंदावलेला मला प्रथमच दिसला. इतके दिवस तो मंदावत असलाच पाहिजे, पण माझी नजर वॉटमीटरवर असे. मुलाने मीटर एसीच्या मापावर फिरवला. जिथे शून्य असायला हवे होते तिथे जवळजवळ एक व्होल्ट. मग मीटरची टोके काढून त्याने भिंतीवरच्या सॉकेटचे व्होल्टेज पाहिले. १८८.

आता हिशेब मांडणे सोपे होते आणि तो मांडताना मला घाम फुटला तो उन्हाळ्याने नव्हे. संचातल्या शेवटच्या टप्प्याला पुरवठ्याचे व्होल्टेज थेट मिळते, आणि पॉवर ढोबळमानाने त्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. की दाबल्यावर सकाळी संचापाशी १३.६ व्होल्ट असतात. १०.७ भागिले १३.६, त्याचा वर्ग ०.६२. शंभराचे बासष्ट. वॉटमीटर महिनाभर अचूक बोलत होता. माझ्या संचासारखे संच १३.८ व्होल्टवर, १५ टक्के कमी-अधिक, चालावेत असे बनवलेले असतात. खालची मर्यादा ११.७ च्या आसपास येते, आणि मी तिच्याही पुरता एक व्होल्ट खाली काम करत होते.

पुरवठा मी तेरा वर्षांपूर्वी स्वतः बांधला आहे. १८ व्होल्टचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, १०,००० मायक्रोफॅरॅडचे पाच कपॅसिटर, ७२३ हा जुना नियामक आयसी आणि त्याच्या हुकमतीखाली समांतर जोडलेले २ एन ३०५५ ट्रान्झिस्टर. असा पुरवठा कपॅसिटरवरचे जास्तीचे व्होल्टेज स्वतः गिळून बाहेर १३.८ देतो; त्याला गिळायला किमान तीनेक व्होल्ट शिल्लक लागतात. सकाळी भिंतीत २२८ व्होल्ट असतात तेव्हा ती शिल्लक जेमतेम असते. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात दोन कूलर आणि त्यांचे पाण्याचे पंप चालू झाले की भिंतीत १८८ उरतात, कपॅसिटरवरचे व्होल्टेज त्याच प्रमाणात खाली येते, आणि नियामकाजवळ नियमन करायला काही उरत नाही. मग रेक्टिफायरमधून सेकंदाला शंभर वेळा येणारी चढउतार, जी एरवी तो पुसून टाकतो, तशीच संचात जाते आणि बोलण्याच्या शिखरांवर स्वार होते. सरांची मधमाशी ती हीच. त्यात आणखी भर होती. पाचांपैकी दोन कपॅसिटर मुलाच्या मीटरवर चार हजार मायक्रोफॅरॅडच्याही खाली भरले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. नागपूरचे तेरा उन्हाळे त्यांनी टेबलाखाली काढले, तेव्हा त्यांना नावे ठेवत नाही. पुरवठ्याच्या टोकांवर ११.४ होते आणि संचापाशी १०.७, म्हणजे मधले ०.७ व्होल्ट तारेत आणि फ्यूज होल्डरमध्ये जात होते. होल्डरच्या पितळी पट्ट्या काळ्या पडून ढिल्या झाल्या होत्या. अठरा-वीस अँपिअरच्या वाटेवर ओहमच्या शंभराव्या भागालाही किंमत असते : २० अँपिअरला ०.०५ ओहम म्हणजे पूर्ण एक व्होल्ट.

स्वभावाचा भाग आता सांगते. पुरवठा मी मोजला होता, पण बिनकामाचा असताना. की दाबून मोजण्याचे मला सुचले नाही असे नव्हे. प्रयोगशाळेत विद्युतघटाचा अंतर्गत रोध शिकवताना, भार जोडल्याशिवाय व्होल्टेजला अर्थ नाही, हे वाक्य मी किती तुकड्यांना सांगितले असेल याची मोजदाद नाही. मला ते सुचू द्यायचे नव्हते. संच विकत घेतलेला, केबल विकतची, कनेक्टर विकतचा. पुरवठ्याच्या डब्यावर मात्र माझ्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलेले १३.८ आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूंवर मी एकेक करून संशय घेतला आणि गच्ची चढले, आणि पायाजवळच्या त्या डब्याला मी दोषमुक्त करण्यापुरतेच तपासले. मुलगा काही बोलला नाही. पन्हे पिता पिता त्याने एवढेच सुचवले, "काकू, आता एसएमपीएस घेऊन टाका. एकशेसत्तरलाही चालतो." त्याचे बरोबर आहे. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पुरवठा, चांगला असेल तर भिंतीतल्या व्होल्टेजची पर्वा करत नाही आणि वजनाला हलका असतो. काहींमधून पट्ट्यावर कचकच पसरते, पण सगळ्यांतून नाही. माझा नकार तांत्रिक नव्हता.

कपॅसिटर सीताबर्डीत मिळाले, फ्यूज होल्डर बदलला, तार जाड टाकली. त्याने संध्याकाळचा आकडा साठावरून चौऱ्याहत्तरवर आला. उरलेल्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्यात दोन व्होल्ट वाढवायला हवे होते. तो दहा किलोचा ऐवज रिक्षात घालून मी वाइंडिंग करणाऱ्याकडे गेले. दुकानाच्या पायरीपासून आतपर्यंत कूलरच्या जळक्या मोटरींचा ढीग होता, आणि त्यापलीकडे तो.

"आता नाही जमत मॅडम. कूलरच्या मोटरा येऊन राहिल्या ना सारख्या. जूनमध्ये आणा, मस्त करून देतो."

"दोनच तासांचं काम आहे हो."

"काऊन घाई करता? तुमचं मशीन गरमीत बंद पडलं तर माणूस थोडीच मरते?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ट्रान्सफॉर्मर परत आणून जागेवर बसवला आणि संचाची पॉवर ५० वॅटवर ठेवली. तिथे संच चौदा-पंधरा अँपिअर घेतो, पुरवठा १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि मधमाशी येत नाही. असे मी तीन आठवडे काम केले.

त्या तीन आठवड्यांत मी पुण्याशी, भोपाळशी, हैदराबादशी बोलले. कोणालाही काही जाणवले नाही. जाणवण्यासारखे नव्हतेच. आलेल्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचे एक घर म्हणजे सहा डेसिबल, पॉवर चौपट व्हावी तेव्हा समोरच्याची सुई एक घर चढते. शंभराचे पन्नास झाले तर अर्धे घर. साठ झाले होते तेव्हा तर जेमतेम एक तृतीयांश घर उतरले होते. लहरी परत खाली वळवणारे आयनांबर क्षणोक्षणी याहून अधिक चढ-उतार करत असते. एके काळी याच नागपुरातून १५६६ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून चालत असे, माझ्या संचाच्या दहा हजार पट. एस-मीटरच्या भाषेत तेवढा प्रचंड फरकही सात घरे भरत नाही. म्हणजे पहाटे तीनदा गच्ची चढून, केबलवर पैसे घालून, कूलर ओढून मी ज्याच्या मागे लागले होते ते समोरच्या कोणालाही ऐकू येणार नव्हते. सरांनी जे ऐकले ती गुणगुण होती, आणि ती ऐकून मी विषय बदलला होता. शंभरावर जायची सुई साठावर थांबते हे फक्त मला दिसत होते आणि मला ते सहन होत नव्हते, याहून थोर कारण माझ्याजवळ नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोटरींचा ढीग ओसरला आणि काम झाले. वाइंडिंगवाल्याकडून मी १८ आणि २० व्होल्ट अशी दोन्ही टोके बाहेर काढून घेतली. २० व्होल्ट कायम ठेवले असते तर भिंतीत पूर्ण व्होल्टेज असताना जास्तीचे दोन-तीन व्होल्ट गुणिले वीस अँपिअर, म्हणजे चाळीस ते साठ वॅटची जादा उष्णता त्या बिचाऱ्या २ एन ३०५५ ट्रान्झिस्टरांना सोसावी लागली असती. म्हणून डब्याच्या दर्शनी बाजूला एक जाड बटण बसवले. त्याच्या वर पांढऱ्या रंगात 'उन्हाळा' लिहिले, खाली 'पावसाळा-हिवाळा'. १३.८ शेजारी ते जरा दाटीचे दिसते.

त्या संध्याकाळी भिंतीत १९० होते. की दाबली, सुई ९७ वर गेली. पट्ट्यावर सर आले, नेहमीप्रमाणे पाच-नऊचा, म्हणजे स्पष्ट आणि जोरकस सिग्नलचा, रिपोर्ट दिला आणि म्हणाले, "सिग्नल आहे तसाच आहे बाई. सर्दी बरी झाली वाटतं." मी म्हणाले, "हो, औषध घेतलं." मग हवामानावर बोललो.

पाऊस तिसऱ्या आठवड्यात आला. रात्री गल्लीतले कूलर एकेक करून बंद झाले, पंपांचा आवाज थांबला, आणि झोपण्यापूर्वी मी भिंतीवरचे व्होल्टेज पाहिले : २३१. टेबलाखाली वाकून बटण खाली केले.